दंड सरकारात, नुकसान घरात

आज आपण ग्राहकाच्या हक्कांचा इतिहास बघणार आहोत. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात, कुणाचा राज्याभिषेक कधी झाला ते आठवतं. तेलाचा डबा आणि दुकानाची पावती काही आठवत नाही. पण त्या डब्यामागेही मोठा इतिहास आहे, आणि त्यात शिरण्यासाठी एकच प्रश्न हाताशी धरू या.

एका दुकानदारानं भेसळीचं तेल विकलं. तो पकडला गेला, त्याला दंड झाला, दंड त्यानं भरला. आता ज्या बाईनं ते तेल पैसे मोजून घरी नेलं होतं, तिच्या हातात काय पडलं? कित्येक शतकं या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ एकच होतं. काही नाही. दंड सरकारात जमा, नुकसान घरात जमा. हे चित्र कधी बदललं, कुणामुळे बदललं आणि अजून कुठे बदलायचं राहिलंय, एवढंच आज बोलू.

सुरुवात कौटिल्यापासून करावी लागते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाचं नाव आहे 'कण्टकशोधन', म्हणजे समाजातले काटे शोधून काढणं. त्यातले पहिले दोन अध्याय कशाबद्दल असतील? चोरदरोडेखोर? नाही. पहिला कारागिरांपासून लोकांचं रक्षण करण्याबद्दल आणि दुसरा व्यापाऱ्यांपासून! धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यं, औषधं यांत त्यांच्यासारखाच दिसणारा हलका माल मिसळला तर बारा पण दंड. देशी मालावर पाच टक्के आणि परदेशी मालावर दहा टक्के, यापेक्षा जास्त नफा व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही. हे सगळं बघायला संस्थाध्यक्ष नावाचा अधिकारी.

मला यात सगळ्यात आवडतो तो धोब्यांचा भाग. धोबी गिऱ्हाइकाचे कपडे स्वतः घालून मिरवतो ही तक्रार तेव्हाही होती. म्हणून नियम असा की धोब्याच्या अंगावर मुद्गराची खूण असलेलेच कपडे दिसले पाहिजेत. दुसरे दिसले तर तीन पण दंड. कपडे आपटायचे ते लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर. भलत्याच ठिकाणी आपटून फाडले, तर सहा पण दंड आणि शिवाय कपड्याची भरपाई. इथे कौटिल्य आपल्या प्रश्नाच्या फार जवळ येतो. ज्याचं नुकसान झालं त्यालाही काहीतरी मिळालं पाहिजे, हे त्याला कळत होतं. बाजारातल्या फसवणुकीबद्दल मात्र तो मुख्यतः दंडाचीच भाषा बोलतो, आणि दंड राजाचा.

तिथून थेट चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दिल्लीत या. अलाउद्दीन खिलजीनं धान्यापासून घोड्यांपर्यंत सगळ्यांचे भाव बांधून दिले होते. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की सुलतान लहान गुलाम पोरांच्या हातात नाणी देऊन त्यांना रोटी आणि इतर खाण्याचे पदार्थ आणायला बाजारात पाठवायचा. आणलेला माल मग वजन करून बघायचा. पोर बघून काटा मारला असेल तर जेवढं वजन कमी भरलं तेवढं मांस दुकानदाराच्या अंगातून कापून काढायचं. ऐकायला भयंकर, आणि काही लोकांना आजही हे ऐकून बरं वाटतं! पण हा सगळा खटाटोप ग्राहकाच्या प्रेमापोटी नव्हता. सुलतानाला कमी पगारात मोठं सैन्य पोसायचं होतं आणि त्यासाठी दिल्लीत स्वस्ताई हवी होती. १३१६ मध्ये सुलतान गेला आणि त्याच्या मागोमाग ही व्यवस्थाही गेली. राजाच्या मर्जीवर मिळालेलं संरक्षण राजाबरोबरच जातं. त्याला हक्क म्हणता येत नाही.

इंग्रजांच्या काळात कायदे आले. १८७२ चा करार कायदा आला, १९३० चा वस्तू विक्री कायदा आला. हा दुसरा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. त्याचं मूळ सूत्र असं की घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं. माल बघितलास, पसंत केलास, आता रडू नकोस. याला अपवाद होते. तुम्ही विकणाऱ्याला वस्तू कशासाठी हवी ते सांगितलंत आणि त्याच्या जाणकारीवर विसंबलात, तर तो जबाबदार. नुकसानभरपाई मागायची वाटही होती. पण ती वाट दिवाणी कोर्टातून जायची. कोर्ट फी भरा, वकील लावा, तारखा मोजा. दहा रुपयांच्या छत्रीसाठी हे कोण करणार? हक्क कागदावर होता, पण तो वापरण्याचा खर्च मूळ नुकसानापेक्षा मोठा होता. या गोष्टीकडे लक्ष ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण इथेच आहे.

याच काळातला एक ग्राहक तुमच्या ओळखीचा आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये गांधीजी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर लिहिलेलं, बावीस प्रवासी. बसायला जेमतेम बावीसच मावतील असा तो डबा, आणि रायचूर येईपर्यंत त्यातली गर्दी असह्य झाली होती. नंतर रांचीहून त्यांनी वृत्तपत्रांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी नुसतं दुःख मांडलं नाही, हिशेब मांडला. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते का? घेतलेले पैसे आणि दिलेली सेवा एकमेकांशेजारी ठेवून विचारलेला हा प्रश्न आहे. याला म्हणतात ग्राहकाची तक्रार. जाता जाता सांगतो, दुकानांत, बँकांत गांधीजींच्या फोटोखाली 'ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा' अशा अर्थाचं जे वाक्य लावलेलं असतं ना, ते त्यांच्या समग्र लेखनात सापडत नाही. हे रेल्वेचं पत्र मात्र त्यांचंच आहे, आणि ते कुठल्याही काउंटरवर लावलेलं मी पाहिलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ग्राहकाकडे लक्ष दिलं, पण जुन्याच पद्धतीनं. १९५४ मध्ये अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून शेर, छटाक, मण, पायली जाऊन किलो-लिटर यायला लागले. गावागावाचा शेर वेगळा असण्याच्या काळात हे फार मोठं काम होतं. 'काटा मारणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. पण आपला प्रश्न इथे विचारून बघा. भेसळीच्या कायद्यात एक मजेदार कलम होतं. ग्राहकाला स्वतः फी भरून माल तपासून घेता येत होता, आणि भेसळ निघाली तर ती फी परत मिळत होती. तपासणीची फी परत! तेलाचे पैसे? त्याबद्दल कायदा गप्प. दुकानदाराला शिक्षा व्हायची, खटला सरकार चालवायचं. फसलेली बाई त्यात फार तर साक्षीदार.

तिला साक्षीदाराची फिर्यादी करायची होती. त्यासाठी आधी कुणीतरी रस्त्यावर यावं लागलं, आणि त्या आल्या त्या मुख्यतः बायकाच.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. लीला जोग हे त्यातलं ठळक नाव. भेसळ, वजन, दर्जा हे त्यांचे विषय होते. भाव वाढला म्हणून ओरडणं आणि दिलेल्या भावात नीट माल मागणं यात फरक आहे, आणि तो या बायकांनी फार लवकर ओळखला. भावाचं आंदोलनही झालंच. १९७२ च्या दुष्काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी मुंबईत महागाईविरोधात लाटणं-मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या. ज्या वस्तूनं रोज पोळ्या लाटायच्या तीच हातात घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. त्याआधी 'गिऱ्हाईक' हा शब्द एकट्या माणसाचा होता. आता त्याला अनेकवचन मिळालं.

पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत सुधीर फडकेही होते. होय, आपले बाबूजीच. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीसाठी धावलेला हा माणूस डाळ-तांदळाच्या वाटपातही रमला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पंचायतीनं नुसत्या तक्रारी केल्या नाहीत. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र करून महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एकगठ्ठा घ्यायचा आणि आपसात वाटायचा, अशी व्यवस्था बसवली. वाटपाच्या दिवशी कुणाच्या तरी घरी पोती उघडून बसलेली मंडळी अनेक मराठी घरांनी पाहिली आहेत. ग्राहक संघटित असला तर त्याला गयावया करावी लागत नाही, हे तिथे भाषण न देता शिकवलं जात होतं. महाराष्ट्राबाहेरही हे घडत होतं. अहमदाबादेत १९७८ पासून मनुभाई शहांची संस्था कोर्टात लढत होती आणि दिल्लीत एच. डी. शौरींनी १९८० मध्ये 'कॉमन कॉज' काढली.

जगातही वारं फिरलं होतं. १५ मार्च १९६२ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी तिथल्या काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि म्हणणं ऐकलं जाण्याचा. १९८५ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. आपल्याकडे १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांवर भरपाई मागायची सोय झाली होती. पण तो आयोग एकच, आणि तो दिल्लीत. सोलापूरच्या माणसानं मिक्सरसाठी दिल्ली गाठायची का?

आणि मग २४ डिसेंबर १९८६. ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणूनच हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. केनेडींच्या चार हक्कांत दोन भर पडले, दाद मिळण्याचा आणि ग्राहक शिक्षणाचा. सहा हक्कांची ही यादी सगळीकडे भिंतींवर रंगवलेली असते, त्यामुळे तिच्यावर मी जास्त बोलत नाही. माझ्या मते या कायद्याचं खरं यश त्याच्या यंत्रणेत आहे. जिल्ह्याजिल्ह्यात मंच. एक लाखापर्यंतची तक्रार तिथेच. फी नाही. वकिलाची सक्ती नाही. समोर बसणार तीन माणसं: जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाची एक व्यक्ती, शिक्षण किंवा व्यापार क्षेत्रातली एक, आणि तिसरी महिला समाजसेविका. कायद्यातच तसं लिहिलं होतं. लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बाईला चौदा वर्षांनी न्यायपीठावर खुर्ची मिळाली, असं मी म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. आणि हा मंच काय देऊ शकत होता? दोष दुरुस्त करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत द्या, झालेल्या नुकसानीची भरपाई द्या. सगळं 'त्या बाईला' द्या. आपल्या प्रश्नाचं उत्तर इथे बदललं.

अर्थात कायदा झाला म्हणून मंच झाले असं नाही. अनेक राज्यांनी ते स्थापन करायला टाळाटाळ केली. शेवटी 'कॉमन कॉज'ला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाच्या तगाद्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात खुर्च्या-टेबलं लागली.

याच सुमारास पाकिटावरची एक ओळ बदलली. आधी पाकिटावर किंमत असायची आणि पुढे बारीक अक्षरात 'स्थानिक कर वेगळे'. स्थानिक कर किती हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं आणि दुकानदार सांगेल तो आकडा कर ठरायचा. १९९० मध्ये नियम बदलले आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, छापणं सक्तीचं झालं. तिच्यात 'कमाल' हा शब्द आहे हे मात्र आपण विसरतो. ती वरची मर्यादा आहे. खाली घासाघीस करायला कुणाची ना नाही.

मंच सुरू झाल्यावर खरी लढाई सुरू झाली ती 'ग्राहक कुणाला म्हणायचं' यावर. सरकारी संस्था म्हणाल्या, आम्ही दुकानदार थोडेच आहोत? १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तुम्ही लोकांकडून पैसे घेऊन घरं बांधता, म्हणजे सेवा देता, म्हणजे जबाबदार आहात. त्या निकालातला पुढचा भाग तर आजच्या आपल्या शीर्षकालाच उत्तर देतो. सरकारी कार्यालयानं भरपाई दिली तर ती शेवटी कुणाच्या खिशातून जाते? आपल्याच, करदात्याच्या. म्हणून न्यायालय म्हणालं की छळाबद्दलची भरपाई ज्या अधिकाऱ्यांमुळे तो झाला त्यांच्याकडून वसूल करा. हा आदेश पुढे किती वेळा अमलात आला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग डॉक्टर. आमचा पेशा म्हणजे धंदा नव्हे, हे इंडियन मेडिकल असोसिएशनचं म्हणणं. १३ नोव्हेंबर १९९५ चा निकाल असा की पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवाच आहे. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं रुग्णालय कायद्याच्या बाहेर. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना फुकट तपासत असाल, तर तो फुकटचा गरीब रुग्णसुद्धा ग्राहकच. माझ्या दृष्टीनं या निकालातलं सगळ्यात मोठं वाक्य हेच. वकील मात्र सुटले. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना या कायद्याबाहेर ठेवलं. त्यावर वकिलांनी पेढे वाटले की नाही ते माहीत नाही!

आता ही मालिका महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी मंडळीही बघतात, वाचतात. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली. त्यांच्यासाठी सगळ्यात कामाचा बदल २०१९ च्या नव्या कायद्यात आहे, जो जुलै २०२० पासून लागू झाला. जुन्या कायद्यात तक्रार करायची ती विकणाऱ्याच्या गावी किंवा जिथे व्यवहार घडला तिथे. कंपनीची तुमच्या शहरात शाखा असली तरी पुरेसं नव्हतं. अंबाल्याच्या गोदामाला आग लागली, विमा अंबाल्याचा, तक्रार केली चंदीगडला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. व्यवहाराशी चंदीगडच्या शाखेचा संबंध काय, असा तो मुद्दा. आता तुम्ही जिथे राहता किंवा जिथे पोटापाण्याचं काम करता, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाऊ शकता. समजा इंदूरच्या कुटुंबानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि बिल्डर ताबा देत नाही. तारखांना पुण्याला खेटे घालायची गरज नाही, बिल्डर येईल इंदूरला. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या काळात तर याला पर्यायच नव्हता; विकणारा कुठल्या गावचा हेच कळत नाही.

थोडं व्यवहाराचं सांगतो. वस्तूची किंवा सेवेची किंमत म्हणून तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. पाच लाखांपर्यंत फी शून्य. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं. कंपनी 'बघतो, करतो' म्हणत गोड बोलत राहते आणि ही दोन वर्षं निघून जातात. गोड बोलणं मोजू नका, तारीख मोजा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. आणि पावती घ्या. 'बिल हवं असेल तर कर लागेल' असं म्हणणारा दुकानदार तुमचे पैसे वाचवत नसतो. उद्या तुम्ही त्याच्या समोर उभे राहू नये, याची तजवीज करत असतो.

नव्या कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आणलं. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड. तो दंड सरकारात जातो, म्हणजे कौटिल्याचा संस्थाध्यक्ष परत आला म्हणा. फरक एवढा की आता तो एकटा नाही. दंडाची वाट आणि भरपाईची वाट, दोन्ही एकाच कायद्यात आहेत.

पण भरपाईची वाट शेवटपर्यंत जाते का? कायदा म्हणतो साधारण तीन महिन्यांत निकाल, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात. आणि निकाल लागल्यावरही एक खड्डा होता. तो एका शब्दानं पडलेला होता. जुन्या कायद्यात आयोगाचा 'प्रत्येक आदेश' कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत असे. २००२ च्या दुरुस्तीत तिथे 'अंतरिम आदेश' असे शब्द आले. म्हणजे खटला चालू असतानाचा तात्पुरता आदेश बजावता येणार, आणि जिंकल्यानंतरचा अंतिम आदेश अधांतरी! ही दुरुस्ती लागू झाली तो दिवस होता १५ मार्च २००३, जागतिक ग्राहक दिन. जुलै २०२० पर्यंत हे असंच चाललं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या मधल्या सतरा वर्षांसाठी तिथे 'कोणताही आदेश' असंच वाचायचं. त्या काळात जिंकलेला निकाल ज्यांच्या कपाटात अजून तसाच पडून असेल, त्यांनी तो बाहेर काढून एकदा जाणकाराला दाखवावा.